हिंगाएवढं पीएफयू

प्रिय ताई,

थीसिसच्या आभारांत तुझ्या वाट्याला एक ओळ येईल, तीही गाइड आणि फेलोशिप देणाऱ्यांच्या खाली. तेवढ्यावर भागवणं मला पटत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

माशाच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए साधारण साडेसोळा हजार अक्षरांचा. तो पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या पद्धतीने, दोन लांब तुकड्यांत काढायचा होता. हजार-दीड हजार अक्षरांचा तुकडा टॅक हे प्रती काढणारं एन्झाइम सहज देतं; लांबीनुसार तुकडे वेगळे करणाऱ्या जेलवर त्याचा स्वच्छ पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. आठ-नऊ हजार म्हटलं की जेलवर नुसता स्मिअर, पसरट डाग! मॅग्नेशियम बदल, प्रायमर (प्रतीची सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) बदल, वेळ वाढव, असे सल्ले भरपूर मिळाले. तू मात्र विचारलंस, "टॅक अडतं कुठे?"

अडतं ते स्वतःच्याच चुकीपाशी. टोकाला चुकीचं अक्षर जोडलं गेलं की त्याला पुढे सरकणं जड जातं, आणि ते अक्षर काढून टाकायची सोय त्याच्यात नाही. तुकडा जितका लांब, तितकी अशी अडण्याची ठिकाणं जास्त. पीएफयू या दुसऱ्या एन्झाइमकडे ती सोय आहे. ते चुकीचं टोक कापतं आणि टॅक पुन्हा धावू लागतं. 1994 मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या वेन बार्न्स यांनी अशीच जोडी लावून लॅम्डा विषाणूच्या डीएनएवरून 35 हजारांपर्यंतचे तुकडे काढले होते. तो पेपर तू माझ्याकडून ओळीओळीने वाचून घेतलास.

खरी गंमत प्रमाणात आहे. चुका सुधारणारं एन्झाइम सढळ हाताने घालावं असंच कुणालाही वाटेल. तू म्हणालीस, "आमटीत हिंग घालतेस ना, तेवढंच." जास्त झालं तर ते प्रायमरच कुरतडत बसतं. शिवाय डीएनएच्या साखळ्या सुट्या करायला 94 अंशांवर काही सेकंदच थांबायचं, कारण उष्णतेने प्युरीन (डीएनएतली ए आणि जी ही अक्षरं) गळतात आणि लांब टेम्प्लेट, म्हणजे ज्यावरून प्रत काढायची तो डीएनए, तुटतं. एक्स्टेन्शन, म्हणजे नवी साखळी वाढवायची पायरी, तीही 72 ऐवजी 68 अंशांवर. हल्ली अशी मिश्रणं तयार मिळतात, आणि ती चांगलीही असतात. पण नुसती बाटली हातात दिली असतीस, तर पुढच्या वेळी बँड गायब झाल्यावर मी पुन्हा कुणाच्या तरी दारात उभी राहिले असते.

दोन्ही तुकडे मिळाले, सिक्वेन्सिंग (अक्षरांचा क्रम वाचणं) झालं, जोडावरची अक्षरंही जुळली. मसुदा आठवड्याभरात पाठवते. लाल पेन हातचं राखू नकोस, विशेषतः मेथड्सच्या भागात. आणि पुण्यात आलीस की जेवायला घरीच यायचं, आई विचारत असते.

तुझी,
लॅबमधल्या बाकावरची शेजारीण