एका संध्याकाळचा रंगमंच : कोल्हापूरच्या रसिकांना मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ही वास्तू पुन्हा उभी करणे आमच्यासारख्या पेठेतल्या मंडळाच्या कुवतीबाहेरचे आहे. मात्र त्यानंतरच्या बैठकांमध्ये एक जुनीच अडचण पुढे आली, ती अशी की नाट्यगृह धडधाकट होते तेव्हाही आपल्या गल्लीतल्या शाहिराला, सोंगी भजनाच्या संचाला किंवा नवोदित चित्रकाराला तिथली तारीख परवडत नव्हती. म्हणून आम्ही मोकळ्या सापडतील त्या जागी, एका संध्याकाळपुरते मांडायचे आणि रात्री आवरून जागा झाडून द्यायची, असे कार्यक्रम सुरू केले.

त्यातला एक तालमीत झाला. कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीभोवती चटया अंथरल्या होत्या आणि व्यक्तिचित्राच्या प्रात्यक्षिकासाठी तालमीतल्याच एका वयस्क वस्तादांना खुर्चीत बसवले होते. तासभर पोरांची चुळबुळ चालू होती. पण कुस्तीत मोडलेला कान कॅनव्हासवर उतरला तसा मागून आवाज आला, ‘‘हं, आता वस्ताद झाले!’’ कार्यक्रम संपल्यावर पोरांनी चित्रकाराला कुठून आलात म्हणून विचारले, तेव्हा समजले की ते दोन गल्ल्या पलीकडे तीस वर्षे राहतात. आनंदराव आणि बाबूराव पेंटर ज्या गावात नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवत होते, त्या गावात चित्रकार शेजाऱ्यांनाच अनोळखी असावा, याची आम्हा सर्वांनाच थोडी लाज वाटली.

येत्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात असे सहा कार्यक्रम करण्याचे ठरले आहे. एका कार्यक्रमाला १६,५०० रुपये खर्च येतो. त्यातील ९,००० रुपये तीन कलाकारांचे मानधन आहे, आणि या रकमेला आम्ही कात्री लावणार नाही. शाल आणि नारळ देऊन कलाकाराची बोळवण करण्याची आपल्याकडची रीत आम्हाला मान्य नाही, कारण ढोलकीच्या कातड्यावरची काळी शाई शालीने भरता येत नाही. ध्वनी व प्रकाशासाठी ४,५००, चटया व टेम्पोसाठी २,००० आणि पत्रके व चहासाठी १,००० रुपये लागतात. फ्लेक्स आणि सत्कार यांवर एक रुपयाही खर्च होत नाही. एकूण ९९,००० रुपयांपैकी मागील झोळीतले ३१,००० रुपये हाती आहेत. उरलेल्या ६८,००० रुपयांसाठी हे आवाहन आहे.

पैशांइतकीच जागेची गरज आहे. वाड्याचा चौक, शाळेचे पटांगण, लग्नसराई नसताना रिकामे राहणारे मंगल कार्यालय, अगदी गंगावेशीतील कुंभारवाड्यासारख्या ठिकाणचे मोकळे अंगणही चालेल. शंभर माणसे दाटीवाटीने बसावीत आणि एक विजेची जोडणी मिळावी, एवढीच अपेक्षा आहे. ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलीस ठाण्यातून आम्ही काढतो आणि रात्री साडेनऊला कार्यक्रम थांबवतो, त्यामुळे घरमालकांनी किंवा शेजाऱ्यांनी त्याची चिंता करू नये. आपल्या ओळखीत कोणी गाणारे, वाजवणारे, रंगवणारे, घडवणारे असेल आणि आजवर घराबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसेल, तर त्यांचे नाव आवर्जून कळवावे. अशी नावे आम्हाला देणगीहून क्वचितच कमी मोलाची वाटतात.

देणगी मंडळाच्या कार्यालयात रोज सायंकाळी ६ ते ८ या वेळेत रोख किंवा धनादेशाने स्वीकारली जाईल आणि प्रत्येकाला पावती मिळेल. देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता मंडळाला अद्याप मिळालेली नाही, हे देणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावे. प्रत्येक कार्यक्रमाचा जमाखर्च आठ दिवसांच्या आत कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावला जाईल. पहिल्या कार्यक्रमाची जागा अजून ठरायची आहे. ज्यांच्या वाड्याचा चौक मोकळा असेल त्यांनी दिवाळीपूर्वी कळवावे, ही विनंती.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ