सुरुवात वांग्याच्या देठापासून

टोकियो,
18 जानेवारी

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तू जे विचारलंस ते फोनवर सांगून कळलं नसतं, म्हणून हे पत्र. तुला मिळालेलं अर्ध्या मुळ्याचं कार्ड, त्याला इथे एतेगामी म्हणतात. ए म्हणजे चित्र, तेगामी म्हणजे पत्र. भजनी मंडळातल्या बायकांना करून बघायचं आहे म्हणालीस, तर सामान पार्सलने निघालं आहे आणि कृती इथे लिहिते.

हे काही फार जुनं नाही. कोइके कुनिओ नावाच्या सुलेखनकाराने हे सुरू केलं. टोकियो महानगरातल्याच कोमाए गावाच्या पोस्टाने 1981 साली त्यांचा पहिला वर्ग भरवला, त्यामुळे ते गाव स्वतःला एतेगामीचं जन्मगाव म्हणवतं. कोइके 2023 मध्ये गेले. त्यांचं एक वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येतं: 'हेता दे ई, हेता गा ई'. वेडंवाकडं चालेल, वेडंवाकडंच चांगलं. गंमत म्हणजे जपानीत 'हेता' म्हणजे अडाणी हात, आणि वांग्या-टोमॅटोच्या डोक्यावरची हिरवी टोपी तीही 'हेता'च. म्हणून तुम्ही पहिल्या दिवशी वांगंच घ्या.

पार्सलमध्ये गासेन्शी कागदाची 50 कार्डं आहेत. एक बाजू पत्त्याची, गुळगुळीत. दुसरी शाई पिणारी, चित्र तिच्यावर. संपल्यावर आपलं पोस्टातलं कार्ड चालणार नाही, त्यावर शाई फुटत नाही, नुसती वर बसते. पुण्याला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाणं झालं तर कागद घेण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघ. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर त्या कागदाला खळ जास्त आहे. दोन-तीन सेकंदांत आत शिरून पसरला तर तो आपल्या कामाचा.

शाई कांडीची आहे, जपानमधल्या नारा शहरातली. सोबत लहान दगडी दौत आहे. तिच्यावर चमचाभर पाणी घाल आणि सहाणेवर मात्रा उगाळतेस तशी उगाळ: कांडीचं नुसतं वजन पडू दे, जोर नको, गोल गोल, दहा मिनिटं. जोर दिला की कण जाड निघतात आणि रेघ खरबरीत दिसते. देवघरातली सहाण मात्र घेऊ नकोस. एक तर ती फार खरबरीत आणि दुसरं, या कांडीत काजळी बांधायला जनावरांचा सरस असतो. मंडळात कुणाला ते चालणार नसेल तर काजळी आणि डिंकाची आपली जुनी शाई करा, काम होतं. पण बाटलीतली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक नको. तिच्यात लाख असते, ती ब्रशच्या मुळाशी वाळते आणि केस कायमचे फिसकारतात.

आता ब्रश धरणं, सगळी मेख इथे आहे. पेन्सिलीसारखा खाली धरायचा नाही. दांड्याच्या अगदी वरच्या टोकाला, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, मधल्या बोटाचा नुसता टेकू. ब्रश सरळ उभा, कोपर टेबलावरून उचललेलं. हात थरथरणार. तो थरथरावा म्हणूनच तसा धरायचा! वर्षानुवर्षं रांगोळी काढलेल्या बायकांना हे सगळ्यात जड जाईल, कारण त्यांची रेघ आधीच बसलेली आहे. मालतीकाकूंना सांग, पहिली पाच कार्डं त्यांची बिघडणारच.

पेन्सिलने आधी काढून घ्यायचं नाही, सरावाचा कागद नाही, खोडरबर नाही. वांगं समोर ठेव, आधी हातात घेऊन बघ. देठावर काटे किती, कुठल्या बाजूला वाकलाय, टोपीच्या पाकळ्या चार की पाच, टोपीखाली साल कुठे फिकी पडलीय. मग देठापासून सुरू कर, कार्डाच्या वरच्या कडेजवळ. फक्त केसांचं टोक कागदाला लागू दे आणि मुंगीच्या चालीने सरक. कार्ड 10 सेंटिमीटर रुंद आहे. या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला पंधरा-वीस सेकंद लागले पाहिजेत. घाई केलीस तर रेघ फाटकी येते, थांबलीस तर गोळा फुटतो. गोळा झाला तर होऊ दे, तिथून पुढे चल. काट्याच्या जागी तर तो शोभतोच. टोपी झाली की पोट काढ, पण वांगं कार्डात मावेल असं काढू नकोस. खऱ्याएवढं किंवा खऱ्याहून मोठं काढ, खालचा भाग कार्डाबाहेर गेला पाहिजे. सगळं वांगं कार्डात बसवलं की पाठ्यपुस्तकातलं 'व वांग्याचा' होतं.

रंग भरायच्या आधी काळी रेघ बोटाला लागत नाही इतकी वाळू दे. ओल्या रेघेला हिरवा लागला की टोपी शेवाळासारखी मळकट होते. रंग गानसाईचे, म्हणजे जपानी जलरंगाचे आहेत, 18 वड्या. ओल्या ब्रशने वडी घोळवायची, बशीत भरपूर पाणी घालून पातळ करायचा, ब्रश एकदा फडक्याला टेकवायचा. मग घासायचं नाही, ब्रश आडवा ठेवत ठेवत, टप टप करत जायचं. आधी फिका जांभळा. तो ओला असतानाच एका बाजूला थोडा निळा सोडला की गोलाई आपोआप येते. रेघेच्या आत तीन मिलिमीटर थांब, बाकीचं अंतर पाणी स्वतः चालतं. आणि वांग्यावरची चमक म्हणजे कागद कोरा सोडलेली जागा. ती एकदा रंगली की परत मिळत नाही, वरून पांढरा दिला तर खडू लावल्यासारखा दिसतो. भरण्यापेक्षा सोडणं अवघड आहे, प्रत्येकीचं पहिलं वांगं गच्च भरलेलं येतं.

मग शब्द, दहा-बारा पुरेत. तुकोबांची ओळ लिहायचा मोह होईल, पण ती सगळ्यांकडे आहे. काल तू काय चिरलंस ते फक्त तुझ्याकडे आहे. 'भरीत केलं. तू नाहीस म्हणून मिरची एकच घातली.' एवढं बास. जपानी अक्षराला नसलेली एक अडचण आपल्याला आहे, शिरोरेघ. या कागदावर प्रत्येक अक्षराची वेगळी रेघ दिली की ओळीच्या माथ्यावर काळे गोळे होतात. मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ मारून घ्यायचे आणि तिला अक्षरं टांगायचे, तसं कर. नाहीतर शिरोरेघ सोडूनच दे, वाचता येतं.

शेवटी लाल शिक्का. साधं खोडरबर, एक सेंटिमीटर चौरस. नावाचं पहिलं अक्षर बटर पेपरवर पेन्सिलीने लिही, पालथं ठेवून नखाने घास. ते आपोआप उलटं उमटतं. कटरचं पातं अक्षरापासून बाहेरच्या बाजूला तिरकं धर, म्हणजे खाली पाया रुंद राहतो. आत तिरकं गेलं तर अक्षराची दांडी चौथ्या ठशाला तुटते. शिक्का जिथे कोरं जास्त दिसतं तिथे, एकच.

पत्ता आणि पिनकोड बॉलपेनने लिहा. हे रंग पाण्यात विरघळतात. जून ते सप्टेंबर कार्ड पाकिटात घाला, एरवी तसंच उघडं टाका. पोस्टमनने बघितलं तर बघू दे.

मंडळात बसाल तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. एकमेकींच्या कार्डाला हात लावून दुरुस्त करायचं नाही. आणि कार्ड त्याच दिवशी पेटीत पडलं पाहिजे. घरी राहिलं की उद्या त्यातले दोष दिसायला लागतात, परवा ते कपाटात जातं. व्हॉट्सॲपवर फोटोही आधी नको, नाहीतर चार दिवसांनी पोचलेल्या कार्डाला सांगायला काही उरत नाही. ज्यांना लिहायचं राहून गेलंय त्यांच्यापासून सुरू करा. यंदा दुःख झालेल्या घरी सणाच्या शुभेच्छा पाठवता येत नाहीत, पण वांगं पाठवता येतं. इथेही ज्या घरी वर्षभरात कुणी गेलंय ते नववर्षाची कार्डं पाठवत नाहीत, आधीच तसं कळवतात.

बाबांना साष्टांग नमस्कार. त्यांनाही एक कार्ड दे, ब्रश वरून धरायला लाव.

तुझी,
सुमा

ता. क. उगाळून झाल्यावर कांडीचं ओलं टोक फडक्याने टिपून घे आणि सावलीत ठेव. ओली ठेवली किंवा उन्हात ठेवली की तडकते. ब्रश साबणाने धुवायचा नाही, नुसत्या पाण्याने, आणि टोक खाली करून टांगायचा.