पालथं पडून नेम धरायचा तर चष्मा कुठला?

रत्नागिरी

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज वाचला आणि खरंच खूप बरं वाटलं रे. कॉलेजात एनसीसीला आपण पालथं पडून .२२ ची रायफल चालवायचो, त्यानंतर तू परत रायफल हातात धरशील असं वाटलं नव्हतं, आणि त्यात सरळ प्रोनच घेतलंस, म्हणजे पालथं पडून नेम मारायचा प्रकार. तू विचारलंस गॉगल कुठला घेऊ, तर त्याचं उत्तर एका ओळीत होत नाही म्हणून नीट लिहितोय, वहिनीला सांग दोन कप चहा होईल एवढं पत्र आहे.

पहिली गोष्ट, दुकानात आरशासमोर उभा राहून चष्मा पसंत करू नकोस. उभं असताना आपण काचेच्या मधोमध बघतो, पण पालथं पडलं की मान पुढे झुकते, गाल चीकपीसवर, म्हणजे रायफलच्या दस्त्यावरच्या गाल टेकवायच्या भागावर, टेकतो आणि डोळा वर जातो, म्हणजे तू बघतोस ते काचेच्या वरच्या कोपऱ्यातनं, भुवईखाली नाकाच्या बाजूला. रोजच्या चष्म्यात तिथे नेमकी फ्रेमची कड येते. मग माणूस मान अजून उचलतो, मानेला ताण येतो, घामाने चष्मा खाली घसरतो, आणि अर्ध्या तासाने डोळ्यातनं पाणी. शिवाय काचेचा नंबर बरोबर लागतो तो मधल्या भागात, कडेने तिरकं बघितलं की चित्र जरा ओढल्यासारखं होतं, नंबर जास्त असेल तर जास्तच. ५० मीटरवरच्या टार्गेटचा दहाचा गोल, म्हणजे दहा गुण देणारा मधला गोल, आहे १०.४ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढा, त्यामुळे एवढा फरकसुद्धा अंगावर येतो.

म्हणून असं कर. रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) रेंज ऑफिसरला विचारून, रायफल रिकामी, बोल्ट (गोळी भरायचा मागचा सरकता भाग) उघडा, चटईवर तुझ्या नेहमीच्या पोझिशनमध्ये पड. स्लिंग (हाताला रायफल धरून ठेवणारा पट्टा) लाव, डोळे मीट, मान सैल सोड, गाल टेकव, मग डोळे उघड. आता कोणाला तरी चष्म्याच्या काचेवर सेलोटेपचा बारीक तुकडा सरकवायला सांग, जिथे तो तुकडा पीप साईटच्या (डोळ्याजवळच्या, भोकातनं बघायच्या साईटच्या) भोकाच्या बरोबर आड येईल तिथे मार्करने टिंब काढ. ते टिंब चष्मेवाल्याला दाखवायचं आणि सांगायचं की लेन्सचा सेंटर इथे पाहिजे. एखादा चष्मेवाला म्हणेल असं करत नाहीत, पण समजावून सांगितलं की बहुतेक जण करून देतात.

फ्रेम घेताना काच उंचीला मोठी बघ आणि वरची कड नसलेली, म्हणजे अर्ध्या रिमची, खाली रिम आणि वर मोकळी. नाकावरचे पॅड धातूच्या तारेवरचे घे, ते वाकवून चष्मा वर उचलता येतो. प्लास्टिकच्या फ्रेममध्ये पॅड आतच साच्यात असतात, तिथे काही करता येत नाही. कानामागे रबरी पट्टा लाव, लाजू नकोस. तो गोल वळलेला स्पोर्ट गॉगल दिसायला झकास असतो पण तुझ्यासारख्या मायनस नंबरला त्या वळलेल्या काचेत कडेला सगळं वाकडं दिसतं.

आता काच. इथे मी अजिबात ऐकून घेणार नाही, पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्सच घ्यायची, दोन्ही सहज न फुटणारी प्लास्टिकची लेन्स. काचेची लेन्स तर नाहीच, आणि साधी फायबरची पण नको, ती जोरात लागलं की तुकडे होऊ शकते. चष्म्यावर झेड ८७ प्लस छापलेलं असेल तर ती अमेरिकन टेस्ट आहे, पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला साधारण ४५ मीटरने मारून बघतात, युरोपच्या ईएन १६६ मध्ये एफ खूण असते ती पण जवळपास तशीच. .२२ ची मॅचची गोळी सेकंदाला साधारण ३२० मीटरने जाते, म्हणजे हे चष्मे गोळी अडवायला नाहीतच, ते अडवतात उडणारे बारीक तुकडे. आणि तुकडे उडतात. .२२ च्या पुंगळीचा दारू पेटवणारा मसाला तिच्या कडेत असतो, म्हणून ती कड पातळ ठेवावी लागते, कधी ती फाटली तर गरम गॅस आणि पितळेचे कण बोल्टच्या बाजूने मागे येतात. प्रोनमध्ये तुझा डोळा पीप साईटपासून काही सेंटिमीटरवर असतो बाळ्या, म्हणून सांगतो. शेजारच्या लेनवरची गरम पुंगळी चष्मा आणि भुवई यांच्यामधे येऊन अडकते तेव्हा माणूस रायफल हातात असतानाच दचकतो, ते आणखी वाईट. म्हणून वरची फट जेवढी कमी तेवढं बरं, आणि बाजूला पण आड पाहिजे.

दोघांतलं निवडायचं तर पॉलीकार्बोनेट स्वस्त, पण कडेने बघितलं की रंगाची झालर दिसते आणि ओरखडा पटकन उठतो. ट्रायव्हेक्स महाग, पण कडेला जास्त स्वच्छ. प्रोनमध्ये आपण कडेनेच बघतो, तुला जमत असेल तर ट्रायव्हेक्स.

नंबरचं पण ऐक. तुझा तो प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा-जवळचा नंबर असलेला) रेंजवर आणू नकोस, त्याच्या वरच्या भागात लांबचाच नंबर असतो आणि फोरसाईट (नळीच्या टोकाची साईट) आपल्याला साधारण मीटरभर अंतरावर बघायची असते. डॉक्टरांकडनं लांबचा नंबर काढून त्यात प्लस पॉइंट पाच मिळव असं सांग, म्हणजे फोरसाईट स्वच्छ आणि टार्गेट किंचित मऊ, तेच पाहिजे. आपल्या वयाला पॉइंट सात पाच पण लागू शकतो, ट्रायल लेन्स (नंबर तपासायच्या सुट्या काचा) रेंजवर नेऊन बघितलेलं उत्तम.

शूटिंगची ती एका काचेची फ्रेम, काच फिरवता वरखाली करता येते ती, ती मला मनापासून आवडते, काच नजरेला बरोबर आडवी करता येते. पण काच छोटी, चारी बाजूंनी उघडं, संरक्षण कमीच. शिवाय तुला सिलिंडर नंबर (ठराविक दिशेतच बसवावा लागणारा तिरपा नंबर) आहे, गोल काच होल्डरमध्ये जरा फिरली की सगळं बिघडतं, खूण करून ठेवावी लागते. ती पुढच्या वर्षी बघू, आधी वर लिहिलाय तसा साधा चष्मा कर.

आणि आपली हवा. एसी गाडीतनं उतरून थेट रेंजवर गेलास की थंड काचेवर वाफ बसणारच, चष्मा आधीच डिकीत ठेव. पडल्यावर जाड जॅकेटमधली ऊब वर येते, म्हणून कपाळाला पट्टी बांध आणि काच भुवईला चिकटू देऊ नकोस. अँटीफॉगचं कोटिंग असेल तर फार घासू नको. घामाचं आणि खाऱ्या वाऱ्याचं मीठ काचेवर सुकलं की कोरड्या कपड्याने पुसायचं नाही, आधी गोड्या पाण्याने धू, नाहीतर मिठानेच ओरखडे. रायफल साफ करायच्या सॉल्व्हंटचा हात पॉलीकार्बोनेटला लावू नको, काच तडकते. स्क्रू स्टेनलेसचे मागून घे, आपल्याकडे साधे स्क्रू एका पावसात गंजतात. पावसाळी काळोखात पिवळी काच बरी वाटते, मे महिन्याच्या उन्हात फिकट करडी, खूप काळी घेऊ नकोस.

डावा डोळा मिटायचा नाही. त्याच्यासमोर पांढरट पट्टी लाव, उजेड यायला पाहिजे, दिसायला नको. मॅचमध्ये ती ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही.

कोल्हापूरची नेमबाज तेजस्विनी सावंतने २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड याच प्रोनमध्ये घेतलं, आठवतंय ना, अख्खं कोल्हापूर नाचत होतं, आपण घाटाखालचे लोकसुद्धा. तू पण मन लावून कर.

आता एवढं कर, नंबरचा कागद आणि दोन बुबुळांमधलं अंतर लिहिलेलं असेल तर तेही फोटो काढून पाठव, आणि पडलेल्या पोझिशनमधला बाजूने काढलेला फोटो, गाल टेकलेला. माझ्या ओळखीच्या चष्मेवाल्याला दाखवून विचारतो, रविवारी तू इकडे आलास तर दोघं मिळून जाऊ. चटई घेऊन ये, त्याच्या दुकानात पडायला जागा आहे.

तुझा,
सुऱ्या