दोन डॉलरचा ऑपेरा

महोदय,

‘न्यूयॉर्क सिटी ऑपेरा’चा विषय निघाला की २०१३ची दिवाळखोरी तेवढी आठवते. पण १९४३मध्ये ही कंपनी निघाली तेव्हा पाऊण डॉलरपासून तिकीट मिळे, महागात महाग दोन डॉलर! महापौर ला गार्डिया यांना सामान्यांचा ऑपेरा हवा होता. १९४५मध्ये कृष्णवर्णीय गायक टॉड डंकन इथे गायले. शेजारच्या बड्या ‘मेट्रोपॉलिटन ऑपेरा’ कंपनीला त्यासाठी १९५५ उजाडावं लागलं.

ज्युलियस रुडेल यांनी १९५७पासून बावीस वर्षं कंपनी हाकली. पुढे सूत्रं आली बेव्हर्ली सिल्स यांच्याकडे, याच रंगमंचावर गाऊन मोठ्या झालेल्या. त्यांच्याच काळात, १९८३मध्ये, पडद्याच्या वर भाषांतराच्या ओळी झळकू लागल्या. दर्दींनी खुशाल नाकं मुरडावीत. इटालियनचा गंध नसलेला माझ्यासारखा माणूस त्या ओळींच्या आधारानेच तीन तास बसतो.

नंतरच्या कारभाऱ्यांनी राखीव निधीला हात घातला, २०११मध्ये लिंकन सेंटर या कलासंकुलातलं घरही सुटलं. कर्जात रुतलेली गंधर्व कंपनी ठाऊक असणाऱ्यांना हे नवं नाही. २०१६मध्ये मात्र कंपनी पुन्हा उभी राहिली, तीही १९४४च्या पहिल्या प्रयोगाचाच ‘तोस्का’ हा ऑपेरा घेऊन.

– एक वाचक, ठाणे