लॉकअप सुटलेला असताना मोजलेली अश्वशक्ती

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत ऑटोमॅटिक मोटारींच्या खऱ्या ताकदीविषयी लेख आला आहे. लेखकाने शहरातील एका डायनोवर, म्हणजे चाके रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पाच गाड्या चढवल्या, मिळालेल्या अश्वशक्तीच्या क्रमाने त्यांची प्रतवारी लावली आणि तळाच्या गाडीचा गिअरबॉक्स 'ताकद खातो' असा निकाल देऊन टाकला. पिंपरी-चिंचवडमधील एका कारखान्याच्या चाचणी विभागात माझी 27 वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून मला असे वाटते की, मोजणी सुरू असताना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग, लॉक झालेला होता की घसरत होता, हे सांगितल्याखेरीज अशा आकड्याला काही अर्थ उरत नाही. आणि लेखात ही गोष्ट कुठेही आलेली नाही.

मुळात सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या एका माळेच्या नसतात. एएमटीमध्ये, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये, साधा क्लच असतो, फक्त तो दाबण्याचे काम पायाऐवजी यंत्रणा करते. चाकणमध्ये तयार होणाऱ्या स्कोडा कुशाकच्या 1.0 लिटर इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स मिळतो, तर त्याच गाडीच्या 1.5 लिटर इंजिनाला दोन क्लचचा सात गतींचा डीएसजी मिळतो. एकाच कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या या दोन गाड्यांत इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेण्याची रीतच वेगळी आहे. लेखात मात्र सर्वांना एकाच रकान्यात बसवले आहे.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेला पंप तेल भिरकावतो, ते तेल गिअरबॉक्सच्या बाजूच्या टर्बाइनला फिरवते आणि परतणाऱ्या तेलाला मधला स्टेटर योग्य दिशेला वळवतो. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने 1905 मध्ये याचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. मोटारीत तो पुष्कळ नंतर आला. पंप वेगाने फिरत असतो आणि टर्बाइन मागे रेंगाळत असते, त्या वेळी स्टेटरमुळे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढून मिळतो. गाडी जागच्या जागी उभी असताना ही वाढ साधारण दुप्पट असते. टर्बाइनचा वेग पंपाच्या वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचला की ही वाढ संपते आणि उरते ती केवळ घसर, जिला कारागीर स्लिप म्हणतात. ही स्लिप बंद करण्यासाठी आत लॉकअप क्लच असतो आणि तो लागला की पंप व टर्बाइन एकजीव फिरतात. कात्रजचा घाट चढताना ऑटोमॅटिक गाडीचा ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला, की गिअर न बदलताही आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा, काटा चारपाचशेने उसळतो आणि वेग मात्र तेवढाच राहतो. त्या क्षणी लॉकअप सुटलेला असतो.

डायनोवर नेमके हेच घडते, पण तिथे ते कुणी पाहत नाही. समजा, इंजिन मिनिटाला 5,500 फेरे घेत आहे आणि टर्बाइन 5,170. ही सहा टक्क्यांची स्लिप झाली आणि टॉर्कची वाढ त्या टप्प्यावर संपलेली असल्याने इंजिनाची सहा टक्के ताकद तेल तापवण्यात गेली. दीडशे अश्वशक्तीच्या इंजिनात हा हिशेब नऊ अश्वशक्तीचा होतो. तीच गाडी, तेच पेट्रोल, तोच दिवस, पण लॉकअप लावून मोजणी घेतली की या नऊ अश्वशक्ती परत येतात. प्रतवारीतल्या दुसऱ्या आणि चौथ्या गाडीत अंतर होते सात अश्वशक्तींचे.

खालच्या वेगाला गोंधळ याच्या उलट होतो. जडत्वाचा डायनो मुळात ताकद मोजतो. जड ड्रम किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून ती निघते आणि तिला फेऱ्यांनी भागले की टॉर्क मिळतो. फेरे इंजिनावरून घेतले तर टॉर्क कमी दिसतो, कारण वाया गेलेली ताकद आधीच वजा झालेली असते. पण बहुतेक वेळा इंजिनाला वायर जोडण्याचा कंटाळा करून ते रोलरच्या वेगावरून गिअरच्या गुणोत्तराने काढले जातात. तसे केल्यास कन्व्हर्टरने वाढवलेला टॉर्क जणू इंजिनाचाच आहे असा आलेखात उमटतो आणि सुरुवातीलाच एक ऐटदार टेकडी दिसते. लेखासोबत छापलेल्या एका आलेखात अशी टेकडी आहे आणि लेखकाने तिचे श्रेय टर्बोला दिले आहे.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी गाडीचे रीमॅप करून घेतले, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातले सॉफ्टवेअर बदलून घेतले. त्याला 'आधी' 96 आणि 'नंतर' 114 अश्वशक्ती असा कागद मिळाला आणि त्याने तो चक्क फ्रेम करून लावला. मी मोजणीची मूळ नोंद मागवून पाहिली, तेव्हा एकाच रस्तावेगाला आधीच्या फेरीत इंजिन 5,500 वर आणि नंतरच्या फेरीत 5,180 वर होते. पहिल्या फेरीत लॉकअप सुटलेला होता, दुसऱ्या फेरीत लागलेला. अठरापैकी सहा अश्वशक्ती लॉकअपने दिल्या होत्या, रीमॅपने नव्हे. फ्रेम अजून भिंतीवर आहे.

आता ड्रॅग शर्यतीचा, म्हणजे थांबलेल्या गाडीने पाव मैल (402 मीटर) सरळ धावण्याच्या शर्यतीचा मुद्दा, कारण लेखकाने शेवटी 'कमी आकड्याची गाडी पाव मैलात हरणारच' असे म्हटले आहे. ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर दिला असता इंजिन ज्या फेऱ्यांवर अडकते, त्याला स्टॉल स्पीड म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीत तो साधारण दोन हजारांच्या आगेमागे असतो; ड्रॅग शर्यतीच्या गाडीत आठ इंची छोटा कन्व्हर्टर घालून तो पाच हजारांच्याही वर नेतात. कन्व्हर्टर पेलू शकतो तो टॉर्क व्यासाच्या पाचव्या घाताने आणि फेऱ्यांच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे व्यास दहा टक्क्यांनी कमी केला तरी स्टॉल सुमारे तीस टक्क्यांनी वाढतो. याच नियमाने, कन्व्हर्टर न बदलता इंजिनाचा टॉर्क दुप्पट केला तर 2,500 चा स्टॉल 3,500 वर जातो. म्हणून 'हा तीन हजारांचा कन्व्हर्टर' असे सुटे म्हणण्याला अर्थ नाही. कोणत्या इंजिनामागे, हे आधी सांगावे लागते.

असा सैल, म्हणजे जास्त स्टॉलचा, कन्व्हर्टर लावलेली गाडी डायनोवर हमखास मागे पडते. शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर मात्र तिचे इंजिन पहिल्या क्षणापासून ताकदीच्या पट्ट्यात असते, टॉर्क वाढून चाकांना मिळतो, आणि पुढचा गिअर पडताना फेरे 6,000 वरून 3,500 पर्यंत कोसळण्याऐवजी चार हजारांच्या वरच तरंगतात. पहिल्या 60 फुटांत, म्हणजे सुमारे 18 मीटरमध्ये, वाचलेला वेळ 402 मीटरच्या शेवटापर्यंत टिकतो आणि बहुधा वाढतो. शेवटच्या रेषेवरचा वेग तेवढाच किंवा किंचित कमीही असू शकतो. त्या वेगातून ताकद कळते, लागलेल्या वेळातून सुरुवात कशी झाली ते कळते. लेखकाने हे दोन्ही एकच मानले आहेत. अर्थात सैल कन्व्हर्टर शहरात त्रासदायक असतो. 200 न्यूटन-मीटरचे इंजिन 2,400 फेऱ्यांवर अडवून धरले, तर सुमारे 50 किलोवॅट, म्हणजे न्हाणीघरातले 2 किलोवॅटचे 25 गीझर, गिअरबॉक्समधल्या काही लिटर तेलात एकदम सुरू केल्यासारखे होते. स्टॉलची चाचणी पाच सेकंदांच्या आत संपवतात ती याच कारणाने. सिग्नलवर हा प्रयोग कुणी करू नये.

पुण्यापुरती आणखी एक गोष्ट. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब कमी भरतो आणि डायनोचे सॉफ्टवेअर ही तूट भरून काढण्यासाठी आकड्यात काही टक्के वाढ करते. साध्या इंजिनाला ते न्याय्य आहे. टर्बो इंजिन मात्र स्वतःच दाब राखून बरीचशी तूट भरून काढत असते, त्यामुळे तिथे ही वाढ फुकटची ठरते. त्यावर चाकांवरच्या आकड्यात सरसकट वीस टक्के मिळवून 'इंजिनाची ताकद' जाहीर करण्याची पद्धत तर मला कधीच कळलेली नाही. कंपनी सांगते ती अश्वशक्ती इंजिन एकटे टेस्ट बेंचवर बसवून मोजलेली असते. वेताळ टेकडीवरील एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत इंजिनांच्या अशा चाचण्या कित्येक वर्षे होत आल्या आहेत आणि गिअरबॉक्स किंवा टायर यांचा त्यात संबंध येत नाही.

पुढील लेखात आकड्यांसोबत मोजणी कोणत्या गिअरमध्ये घेतली, किकडाउन झाला का, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर गिअर आपोआप खाली उतरला का, लॉकअप लागला होता का, तेल किती तापले होते आणि हवेच्या दाबासाठी आकड्यात दुरुस्ती कोणत्या मानकाने केली, एवढे तरी छापावे. शर्यतीचे निकाल दिले तर पहिल्या 18 मीटरचा वेळ आणि शेवटचा वेग वेगवेगळे द्यावेत. शक्य असल्यास तळाची ती गाडी लॉकअप लावून आणि फेरे इंजिनावरूनच घेऊन पुन्हा एकदा रोलरवर चढवावी. तो आलेख मला पाहायला आवडेल.

आपला,
एक निवृत्त चाचणी अभियंता
कोथरूड, पुणे