‘तरुणांचा कल’ छापताना तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत माणसे किती, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक आली की वर्तमानपत्रांत एक तक्ता हमखास येतो: १८ ते २५ वयोगटाचा कल अमुक पक्षाकडे, पदवीधरांचा तमुक पक्षाकडे. लगेच ‘शिकलेला वर्ग दुरावला’, ‘तरुणाई वळली’ असे मथळे होतात आणि पुढचा महिनाभर चर्चा त्या मथळ्यांवरच चालते. वयाचा आणि शिक्षणाचा राजकीय मतांवर परिणाम होतो, याबद्दल वाद नाही. पण हे दोन एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की सुटा तक्ता वाचकाची दिशाभूल करतो.

मुळात ही माहिती येते कुठून? मतदारयादीत वय असते, शिक्षण नसते. मतदान केंद्रावरच्या मतदारांच्या १७-अ नोंदवहीत सही किंवा अंगठा असतो. निकालानंतरच्या फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय मते मिळतात, ती कोणी दिली हे मिळत नाही. तरीही फॉर्म २० समोर ठेवून ‘टॉवरवाल्यांनी याला, चाळीने त्याला’ असे लेख येतात. मुंबईत मतदारयादीच्या एकाच भागात (यादीभागात) टॉवर, त्याच्या मागची पुनर्वसनाची इमारत आणि समोरची चाळ असे सगळे येऊ शकते. केंद्रावर पडलेल्या ६०० मतांपैकी कोणते मत कुठल्या इमारतीतून आले, ते त्या कागदावर नसते. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या निकालावरूनही सुशिक्षितांचा कल काढू नये. ती यादी दर निवडणुकीला नव्याने करतात, आणि पदवी मिळून तीन वर्षे झालेल्यांपैकी जे नावनोंदणीचा फॉर्म १८ भरतात तेवढेच तीत येतात. तो भरून घेण्याचे काम पक्षांचे कार्यकर्ते हिरिरीने करतात.

म्हणजे उरते ते घरोघरचे सर्वेक्षण. त्यात गफलत कशी होते, ते एका मांडलेल्या उदाहरणात पाहा. समजा, १००० जणांना विचारले: ५०० तरुण, ५०० वयस्क. तरुणांत ३०० पदवीधर, वयस्कांत फक्त १००, कारण त्यांच्या काळी कॉलेजपर्यंत पोचणारेच कमी. आता धरून चला की शिक्षणाचा कलाशी काहीच संबंध नाही. ‘क’ पक्षाला सगळ्या तरुणांत ३० टक्के पाठिंबा, सगळ्या वयस्कांत ५० टक्के. बेरीज केली तर ४०० पदवीधरांत ९० अधिक ५०, म्हणजे १४० जण ‘क’चे, ३५ टक्के. उरलेल्या ६०० जणांत ६० अधिक २००, म्हणजे २६०, ४३ टक्के. आठ टक्क्यांचा फरक तयार! ‘पदवीधर ‘क’ पक्षावर नाराज’ हा मथळा छापायला एवढे पुरते, आणि मुळात तिथे काहीच नाही. उपाय साधा आहे: वय आणि शिक्षण एकाच तक्त्यात आडवे-उभे मांडायचे आणि तरुण पदवीधराची तुलना तरुण बिगर-पदवीधराशीच करायची.

एक चूक तर गट पाडतानाच होते. १९ वर्षांची एस.वाय.ची विद्यार्थिनी अजून पदवीधर नाही, म्हणून ती ‘बारावीपर्यंत’ या रकान्यात पडते, पंचावन्न वर्षांच्या बारावी पास कारकुनाच्या शेजारी. दोघांचा संबंध काय? पंचविशीच्या आतल्यांना चालू शिक्षण आणि आई-वडिलांचे शिक्षण वेगळे विचारावे लागते. इतरांनाही ‘पदवीधर आहात का?’ असे विचारू नये, संकोचाने माणूस हो म्हणतो. ‘शेवटची कोणती परीक्षा पास झालात, कोणत्या वर्षी, कोणत्या माध्यमातून?’ असे विचारावे. वयाऐवजी जन्मवर्ष विचारावे, नाहीतर लोक गोल आकडा सांगतात आणि अर्धी वस्ती ४०, ४५ आणि ५० वर्षांचीच निघते.

वयाचे कोडे याहून अवघड. आजच्या सत्तरीच्या माणसाचे मत वेगळे दिसले, तर ते वाढत्या वयाने, की त्याच्या पिढीने विशीत जे पाहिले त्याने, की सध्याच्या हवेने? सर्वेक्षणाच्या वर्षातून जन्मवर्ष वजा केले की वय येते. त्यामुळे एकाच वेळच्या सर्वेक्षणातून ही तीन कारणे वेगळी काढताच येत नाहीत. मुंबईतला कापड गिरण्यांचा भाग, गिरणगाव, आठवा. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मध्य मुंबईने कॉम्रेड डांगे यांना लोकसभेत पाठवले. १९७० च्या परळ पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक स्थानिकांसाठी नोकऱ्या मागणाऱ्या शिवसेनेचे पहिले आमदार झाले. १९८२ च्या गिरणी संपानंतर, १९८४ अखेरच्या निवडणुकीत, दक्षिण-मध्य मुंबईतून त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत निवडून आले. मतदारसंघांच्या सीमा एकच नव्हत्या, पण तिन्हींत गिरणी कामगारांची वस्ती होती. १९५७ मध्ये नुकताच मतदार झालेला २१ वर्षांचा कामगार १९७० ला ३४ चा आणि १९८४ ला ४८ चा होता. शिक्षण जेवढे होते तेवढेच राहिले. त्याचे मत बदलले असेल तर ते वय वाढल्यामुळे म्हणायचे, की संयुक्त महाराष्ट्र, स्थानिकांच्या नोकऱ्या आणि संप यांमुळे? (१८ व्या वर्षी मताचा हक्क १९८९ मध्ये आला. त्यामुळे ‘पहिल्यांदा मत देणारे’ हा गटही तेव्हाचा आणि आताचा एक नाही.)

आता माणसे निवडण्याबद्दल, कारण मुंबईत घोटाळा इथेच जास्त होतो. यादीभागात १२०० नावे असतील आणि २० मुलाखती हव्या असतील, तर अंतर ६०. १ ते ६० मधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा. १७ निघाला तर १७, ७७, १३७ असे पुढे जायचे. तो माणूस घरी नसेल तर शेजारच्याला विचारायचे नाही, परत जायचे, निदान तीनदा. हे पाळले नाही की दुपारी घरात असणारेच भेटतात: निवृत्त आणि गृहिणी. बोरिवलीहून सकाळी साडेसातची लोकल पकडणारा तिशीतला माणूस रात्री नऊला परततो. त्याला गाठायचे तर रविवारच. टॉवरमध्ये वॉचमन आणि सोसायटीचे ऑफिस वर सोडत नाही. भाड्याची खोली सोडून कल्याण-विरारला गेलेल्या तरुण कुटुंबांची नावे जुन्याच यादीत असतात आणि ती माणसे सापडत नाहीत. चाळीत दार उघडे मिळते, पण उत्तर द्यायला भोवती पाच जण उभे असतात. म्हणून मताचा प्रश्न तोंडी न विचारता चिन्हे छापलेली चिठ्ठी खूण करून पेटीत टाकायला द्यावी.

एवढे करूनही नमुना कलतो, तेव्हा भार द्यावा लागतो. समजा, नमुन्यात ४० टक्के पदवीधर आले आणि वस्तीत प्रत्यक्षात २५ टक्के आहेत. मग प्रत्येक पदवीधराचे उत्तर ०.६२५ ने आणि इतरांचे १.२५ ने गुणायचे. अमेरिकेत २०१६ मध्ये अनेक राज्यांच्या मतचाचण्यांनी शिक्षणाचा भार दिलाच नव्हता. शिकलेले लोक सर्वेक्षणाला जास्त उत्तरे देतात, त्यामुळे ट्रम्प यांचा पाठिंबा कमी मोजला गेला. मात्र तिकडे पदवीधर डावीकडे झुकतात म्हणून इकडेही तसेच, असे मानू नये. आपल्याकडे शिक्षणामागे जात, घरची ऐपत आणि शाळेचे माध्यम उभे असते.

‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांना वगळून टक्केवारी काढण्याची पद्धत आम्हांला सर्वांत अन्यायाची वाटते. हे उत्तर कमी शिकलेल्यांकडून, विशेषतः स्त्रियांकडून, जास्त येते. त्यांना वगळले की ‘लोकांचा कल’ म्हणून फक्त बोलक्या लोकांचा कल छापला जातो.

आपल्या संपादकीय विभागाला विनंती आहे की असा तक्ता छापताना मुलाखतींच्या तारखा, प्रश्नाची नेमकी शब्दरचना, माणसे कशी निवडली, भार कशाचा दिला, ‘माहीत नाही’ किती आणि प्रत्येक चौकटीत माणसे किती, हेही छापावे. १००० जणांच्या नमुन्यात चुकीची मर्यादा अधिक-उणे ३ टक्के धरतात, ते एकूण आकड्यापुरते. वरच्या उदाहरणातल्या १०० वयस्क पदवीधरांसाठी तेच अधिक-उणे १० होते. म्हणजे ५० टक्के छापले तर खरा आकडा ४० ते ६० मध्ये कुठेही असू शकतो. चौकटीत ५० हून कमी माणसे असतील तर तिथे टक्केवारी न देता रेघ द्यावी.

आपले,
संख्याशास्त्र व राज्यशास्त्राचे काही अध्यापक, दादर, मुंबई