मॅडम, तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत त्याबद्दल

मॅडम नमस्कार,

हे खरंतर डिस्चार्जच्या दिवशीच बोलायचं होतं, पण तुमच्यासमोर आले की घसा दाटायचा आणि बाहेर पेशंटची ही गर्दी, म्हणून आता लिहितेय. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

माझ्या सासूबाईंचा वरच्या दाढेचा इम्प्लांट (दाढेच्या जागी हाडात बसवतात तो स्क्रू) सायनसमध्ये, म्हणजे गालाच्या आतल्या पोकळीत, गेला होता. एवढं एक वाक्य आमच्या कानावर पडायला अख्खा पावसाळा गेला. आधीचे दाताचे डॉक्टर (क्लिनिक एकदम चकाचक, एसी, टीव्हीवर हसणाऱ्या बत्तिश्या), त्यांना आई म्हणाल्या की तिथं आता नुसतं भोक लागतंय जिभेला, तर ते म्हणे निसटला असेल, झोपेत गिळला असेल तुम्ही. गिळला! मग पाणी पिताना उजव्या नाकपुडीतून पाणी यायला लागलं, तर म्हणे हळू प्या. एकाच बाजूचं नाक वाहतंय, गाल ठणकतोय, तर म्हणे सर्दीचा सीझन आहे. अँटिबायोटिक तेवढी बदलून बदलून दिली. एक साधा एक्सरे काढून बघू असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही, काढला असता तर दिसलंच असतं ना, धातूचा स्क्रू तो, लपणार कुठं.

पण त्रासापेक्षा जास्त खाल्लं ते त्या वासाने. कुजल्यासारखा वास, तो सगळ्यात जास्त त्यांचा त्यांनाच यायचा, आणि त्यांनी मनाशी धरलं की आपल्याला येतोय म्हणजे सगळ्यांनाच येत असणार. भिशी बंद केली. नातीला भरवायचं बंद केलं. माझ्याशी बोलायच्या त्यासुद्धा स्वयंपाकघराच्या दारातून, तोंडावर पदर धरून. साठी ओलांडलेली बाई, आयुष्यभर चारचौघांत मोठ्याने हसणारी, ती घरातल्या घरात चोरासारखी वावरायला लागली.

तुमच्याकडे आलो तेव्हासुद्धा त्या स्टूल मागे सरकवूनच बसल्या होत्या, पदर तसाच. आणि तुम्ही काय केलंत, काही न विचारता तुमची खुर्ची पुढे ओढलीत, पार गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत, आणि त्यांचा पदर हळूच खाली घेऊन म्हणालात, "काकू, वास आला तर येऊ दे, माझं दुकानच नाकाचं आहे." आई हसल्या. मॅडम, कितीतरी दिवसांनी हसल्या हो त्या! मला तिथंच रडू फुटलं, तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत, त्याचेही आभार.

मग सीटी स्कॅन आल्यावर स्क्रीन माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे वळवलीत. काळ्या पोकळीत तो पांढरा स्क्रू आडवा पडलेला. म्हणालात, वरची दाढ काढली की सायनसचा तळ खाली उतरतो, हाड कधीकधी चार-पाच मिलिमीटरसुद्धा उरत नाही, आणि मागचं हाड तसंही भुसभुशीत. आणि सायनसमध्ये बारीक केसांचं अस्तर असतं, ते सगळी घाण वरच्या, नाकात उघडणाऱ्या भोकाकडे ढकलत राहतं, त्यामुळे आत पडलेला स्क्रू पण जागेवर राहीलच असं नाही. आई नंतर रिक्षात मला म्हणाल्या, बघ, मला वेड नव्हतं लागलं.

तुम्ही त्या आधीच्या डॉक्टरांना एक शब्द वाईट बोलला नाहीत हेही लक्षात आहे. "असं कुणाच्याही हातून होऊ शकतं, पण पेशंटला सांगायला पाहिजे होतं," एवढंच. मला मात्र तेवढं मोठं मन नाही. मी रात्री जागून वाचलं होतं, 1965 साली स्वीडनमध्ये ज्या माणसाला पहिल्यांदा टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले त्याला ते पुढं चाळीस वर्षं टिकले म्हणे. म्हणजे गोष्ट चांगलीच आहे, इम्प्लांट गेला त्याचा रागही नाही, राग आहे तो "गिळला असेल"चा. चूक झाली म्हटलं असतं तर आम्ही काय खाल्लं असतं का त्यांना? माणसाने माणसाशी सरळ बोलायला काही डिग्री लागत नाही, आणि डिग्र्या तर त्यांच्या भिंतीवर तुमच्यापेक्षा जास्त होत्या.

ऑपरेशनचं काय सांगू, नाकातून दुर्बिणीने काढलात, गालावर एक ओरखडा नाही. तो स्क्रू तुम्ही छोट्या डबीत घालून दिलात ना, करंगळीच्या नखाएवढा, आट्यांमध्ये अजून पिवळट काहीतरी अडकलेलं, तो आईंनी भिशीच्या सगळ्या बायकांना दाखवून झालाय. हो, भिशी परत सुरू झाली, या महिन्यात आमच्याकडेच होती. दात मात्र आता नको म्हणतात, एका बाजूनेच चावीन पण त्या खुर्चीत बसणार नाही.

आणि तुम्ही सांगितलेलं, नाक शिंकरायचं नाही, शिंक दाबायची नाही, तोंड उघडून मोकळी शिंकायची, ते त्यांनी इतकं मनावर घेतलंय की आता तुम्ही परवानगी दिलीत तरी सवय जात नाही. परवा असल्या जोरात शिंकल्या की शेजारच्या वहिनी भांडं पडलं का विचारायला आल्या. पुढच्या तपासणीला तेवढं जरा समजावून सांगा त्यांना, माझं ऐकत नाहीत.

तुमच्या काकूंची सून,
सांगली